हे काम कोण करणार?

शाळेतील स्वच्छतेचा धडा बहुधा ‘कचरा करू नका’ या उपदेशाने संपतो. एनसीईआरटीने २००८ मध्ये काढलेल्या पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात मात्र या धड्याचे शीर्षकच प्रश्नरूप होते: हे काम कोण करणार? त्यात सफाई कामगारांचे मनोगत होते, गांधीजींच्या आश्रमातील शौचालय-सफाईची आठवण होती आणि बालवयात भीमराव आंबेडकरांना न्हाव्याकडून सोसावा लागलेला अपमानही होता. पर्यावरणाच्या धड्यापर्यंत माणूस असा पोहोचण्यास तीन दशके लागली.

१९७५ च्या दहा वर्षीय शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याने प्राथमिक स्तरावर ‘परिसर अभ्यास’ हा विषय सुचवला. परंतु तिसरीपासून त्याचे विज्ञान आणि सामाजिक अभ्यास असे दोन भाग पडले. जणू नदी एका पुस्तकात गेली आणि नदीकाठची माणसे दुसऱ्या. पुढे २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणात सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. विषयाला कायद्याचे बळ मिळाले. तो शिकवावा कसा, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक उत्तर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून पुढे आले. विश्वकिरणांचे अभ्यासक प्रा. यश पाल त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते. त्यानंतरच्या अभ्यासक्रमात तिसरी ते पाचवीसाठी सहा सूत्रे ठरली: कुटुंब आणि मित्र, अन्न, निवारा, पाणी, प्रवास, आणि आपण बनवतो व करतो त्या गोष्टी. प्राणी आणि वनस्पती यांना स्वतंत्र सूत्र नव्हते. त्यांचा समावेश ‘कुटुंब आणि मित्र’ यात होता. वर्गीकरणातील हा बदल लहान दिसतो. पण त्यामुळे निसर्ग ही केवळ निरीक्षणाची वस्तू न राहता नात्याचा विषय झाला. जंगलाच्या धड्यात झारखंडची सूर्यमणी आली. धरणाच्या धड्यात गाव सोडावे लागलेला आणि शेवटी मुंबईची वाट धरणारा जात्र्या आला.

अशा प्रश्नांना एकच उत्तर नसते. म्हणून ते परीक्षेत गैरसोयीचे ठरतात आणि शिक्षकाची कसोटी पाहतात. प्रदूषणाची पाच कारणे पाठ करून घेणे त्याहून सोपे असते.

२०२३ च्या आराखड्यानेही ‘आपल्या सभोवतालचे जग’ हा विषय एकात्म ठेवला आहे. पुस्तके बदलत राहतील. आपल्या घरचे पाणी कोण भरते आणि कचरा कोण उचलतो, हे मूल वर्गात निर्भयपणे सांगू शकते का, यावरच त्यांचे मोल ठरेल.