औषधाच्या चिठ्ठीची चाळीस वर्षं

३० जुलै १९६५. मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पहिलं कार्ड शेजारी बसलेल्या माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना दिलं. पासष्टी ओलांडलेल्यांच्या हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा खर्च आता सरकारी विमा उचलणार होता. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलं, की मात्र पैसे आपल्याच खिशातले.

पुढे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचे उपचार रोजच्या गोळ्यांवर येऊन ठेपले, तशी ही उणीव म्हाताऱ्या माणसांना फार महाग पडू लागली.

१९८८ साली अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत औषधांनाही विम्याचं संरक्षण देणारा कायदा झाला, पण त्याचा भार वृद्धांवरच टाकला गेला. ज्यांची मिळकत जास्त, त्यांना वर्षाला ८०० डॉलरपर्यंत जादा कर. ऑगस्ट १९८९मध्ये शिकागोत संतापलेल्या वृद्धांनी खासदार डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी अडवली. ते गाडीतून उतरून चालत निघाले, तरी जमाव पाठीमागे होताच. वर्ष संपायच्या आत कायदा रद्द झाला. औषधांचा मुख्य लाभ तोवर सुरूही झाला नव्हता.

मग लोक बस भरून कॅनडात जाऊन स्वस्त औषधं आणू लागले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या आजी-आजोबांवर ही वेळ यावी, हे लाजिरवाणंच होतं.

२२ नोव्हेंबर २००३च्या पहाटे तीनच्या सुमारास प्रतिनिधीगृहात औषधांच्या विम्याच्या नव्या विधेयकावर मतदान सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत उरकणारं मतदान जवळजवळ तीन तास ताणलं गेलं आणि २२० विरुद्ध २१५ मतांनी विधेयक मंजूर झालं. औषध कंपन्यांशी सरकारनं भावाची घासाघीस करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. माजी सैनिकांसाठी हेच सरकार भाव पाडून औषधं घेत होतं! ही त्या कायद्यातली सर्वांत मोठी चूक.

योजना १ जानेवारी २००६ला सुरू झाली. महिन्याला ४०० डॉलरची औषधं लागणाऱ्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. पहिले २५० डॉलर त्याचे. पुढे एकूण खर्च २,२५० होईपर्यंत त्याला चौथा हिस्सा भरायचा. जूनच्या मध्यावर ही मर्यादा संपली, की डिसेंबरपर्यंत सगळी औषधं पदरच्या पैशांनी, आणि विम्याचा हप्ता चालूच. वर्षाच्या ४,८०० डॉलरपैकी ३,३०० त्याचेच गेले. या पोकळीला लोक ‘डोनट होल’ म्हणत. २०१०च्या ओबामांच्या कायद्यानं ती हळूहळू बुजवायला घेतली.

घासाघीस करायला सरकारचे हात मोकळे झाले ते २०२२ सालच्या कायद्यानं. इन्शुलिनला महिना ३५ डॉलरची, तर २०२५ साली औषधांवरच्या स्वतःच्या वार्षिक खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. वाटाघाटीसाठी पहिली दहा औषधं निवडली गेली. त्यातल्या मधुमेहाच्या जानुव्हियाची महिन्याची छापील किंमत ५२७ डॉलर होती. मेडिकेअरसाठी १ जानेवारी २०२६पासून ठरलेला भाव ११३ डॉलर आहे.