गालिच्यावरील शाईचा डाग

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. डाग काढण्याच्या विद्येलाही इतिहास आहे, ही गोष्ट मला एका लोकरी गालिच्याने शिकविली. आणि ती शिकवणी बरीच महाग पडली.

सन १९८८ मधील प्रसंग. आमच्या शाळेस एका माजी विद्यार्थ्याने गालिचा भेट दिला होता. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी माझ्याच हातून निळ्या-काळ्या शाईची दौत त्यावर कलंडली. आमचे वृद्ध शिपाईमामा मेंढपाळाच्या घरचे. ते म्हणाले, "गुरुजी, आधी टिपून घ्या, घासू नका. लोकरीला रिठाच मानवतो." मी मात्र मॅट्रिकपुरत्या रसायनशास्त्राच्या घमेंडीत होतो. विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर पाण्यात दाट कालवून मी डागावर ओतली. सकाळी पाहतो तो काळा रंग गेलेला, पण त्या जागी गंजासारखा पिवळा ठिपका. आणि ब्रश फिरविताच लोकर बुळबुळीत होऊन हाती आली. खाली सुती ताणा तेवढा उघडा पडला!

लोकर गेली आणि सूत राहिले, हे कसे? याचा माग काढीत गेले म्हणजे आपण थेट प्राचीन रोमला पोहोचतो. तेथील परीट लोकरी वस्त्रे हौदात घालून पायांनी तुडवीत, आणि त्या हौदात असे शिळे मूत्र. किळस करू नका. त्यातील अमोनिया तेलकटपणा सोडवितो. मागाहून मुलतानीसारखी माती चोळून उरलेले तेल शोषून घेत व पांढऱ्या वस्त्रांस गंधकाची धुरी देत. हा माल इतका मोलाचा होता की व्हेस्पेशियन बादशहाने त्यावर करही बसविला होता. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पाँपेई नगरात हे हौद आजही पाहावयास मिळतात. सारांश, लोकरीस सौम्य उपचार हवा, हे त्या परिटांस अनुभवाने कळलेले होते.

ब्लीचिंग पावडरीचे कुळ अगदी निराळे. युरोपात तागाचे कापड ताकात भिजवून महिनोन्‌महिने कुरणावर उन्हात पसरीत. सन १७७४ मध्ये स्वीडनच्या शेले यांनी क्लोरीन वायू शोधिला. १७८५ मध्ये फ्रान्सच्या बर्थोले यांनी त्याने कापड शुभ्र होते हे दाखविले. आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या टेनंट यांनी तो चुन्यात शोषवून त्याच्या कोरड्या पुडीचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले. पण हा सारा खटाटोप ताग व कापूस यांच्यासाठी होता! ते तंतू वनस्पतीचे. लोकर म्हणजे केस; तिची घडण प्रथिनांची. क्लोरीनचे तीव्र पाणी प्रथिनांस विरघळवून टाकते. माझ्या हातातील औषध खरे होते, रोगी मात्र दुसरा होता.

आता तो पिवळा ठिपका. आपल्याकडे पूर्वी हिरडा व हिराकस यांची काळी शाई करीत. दौतीतील निळी-काळी शाईही त्याच जातीची. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. हवा लागताच तो हिरड्यातील तुरट द्रव्याशी मिळून काळा व अविद्राव्य बनतो. म्हणूनच ओल्या शाईची घाई करावी. क्लोरीन तुरट द्रव्याचा नाश करतो, लोह तसेच राहते. त्यावर उपाय ऑक्झॅलिक आम्लाचा. हे आम्ल अंबुशीच्या पानांतही असते, आणि साखरेपासून ते १७७६ मध्ये काढणारे गृहस्थ पुन्हा शेलेच! ते विषारी आहे, हे विसरू नये. सौम्य आम्ल लोकर बऱ्यापैकी सोसते. घरी लिंबाचा रस चालतो. मात्र आधी कोपऱ्यात लावून गालिच्याचा रंग उतरत नाही ना, हे पाहावे. रिठ्याचे पाणीही सोड्यासारखे तिखट नसते. शिपाईमामांनी शेलेचे नावही ऐकले नव्हते.

तो गालिचा पुढे कित्येक वर्षे संमेलनास अंथरला जाई. उघडी पडलेली जागा अध्यक्षांच्या मेजाखाली येईल, अशा बेताने शिपाईमामा तो पसरीत. आणि पसरताना माझ्याकडे पाहत नसत.