कमाठीबागेतील एक संध्याकाळ

चित्रकादंबरी म्हणजे मुलांचा खाऊ, असा आमचा बरीच वर्षे समज होता. तो ‘भीमायन’ने मोडला. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याचे हे पुस्तक २०११ साली इंग्रजीत निघाले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. पानांना चौकटींची शिस्त नाही. सौम्य बोलाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलाच्या फुग्याला विंचवाची नांगी. अद्भुतकथांचे जाडजूड खंडही आम्ही अलीकडे वाचले; त्यांतील राक्षसांपेक्षा ही नांगी अधिक झोंबली.

कारण यातील एक प्रसंग आमच्या बडोद्याचा. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आमच्या घराघरांत अभिमानाने सांगितले जाते. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना, हे मात्र कोणी सांगत नाही. पारशी पथिकाश्रमात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना निघून जाण्यास बजावले. हिंदू स्नेह्याने नोकर घर सोडून जातील अशी सबब सांगितली. मग कमाठीबागेत बसून त्यांनी मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहिली.

बसथांब्यावरच्या आजच्या संवादातून ही कथा उलगडते. ती योजना आम्हांस थोडी ओढूनताणून आणलेली वाटली. बागेची पाने मात्र पुनःपुन्हा पाहिली. त्याच बागेत आमचे बालपण गेले. त्या वर्षी आमचे आजोबा संस्थानच्याच नोकरीत होते. त्यांच्या तोंडून ही हकीकत आम्ही कधी ऐकली नाही.