टायर वाचवण्यासाठी पेट्रोल, पेट्रोल वाचवण्यासाठी टायर (दीर्घ थ्रेड)

१/ १ डिसेंबर १९४२ रोजी संपूर्ण अमेरिकेत पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. विशेष म्हणजे, देशाच्या मोठ्या भागात पेट्रोलचा तुटवडा मुळीच नव्हता. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया येथे तेलाच्या विहिरी भरभरून वाहत होत्या. सरकारला वाचवायचे होते टायर. पेट्रोल मिळाले नाही तर गाडी उभी राहील, आणि गाडी उभी राहिली तर टायर झिजणार नाहीत, असा तो सरळ हिशेब होता.

२/ पुढे तीस वर्षांनी हाच देश नेमका उलटा हिशेब मांडू लागला : पेट्रोल वाचवायचे तर टायर बदला. सामान्य कुटुंबाच्या सेडान गाडीखाली, जमिनीला तळहाताएवढे टेकणाऱ्या चार काळ्या ठिपक्यांवर हा सारा इतिहास घडला. त्याची किंमत मात्र भलत्याच लोकांनी मोजली.

३/ प्रथम १९४२. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच जपानी फौजा मलायात खोलवर घुसल्या. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, मार्चमध्ये डच ईस्ट इंडीज गेले. अमेरिकेला मिळणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे ९० टक्के रबर याच पट्ट्यातून येत असे. दोस्त राष्ट्रांच्या हाती मुख्यतः सिलोन आणि दक्षिण भारतातील मळे उरले. रणगाडे, विमाने, लष्करी ट्रक, सारे काही रबरावर अवलंबून असताना रबरच नाहीसे झाले.

४/ म्हणूनच युद्धकाळात अमेरिकेत साखर किंवा मांस यांच्याही आधी रेशनिंग झाले ते टायरांचे. जानेवारी १९४२ पासून नवा टायर हवा असल्यास स्थानिक मंडळासमोर अर्ज करावा लागे. डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस, बस यांना तो मिळण्याची शक्यता होती. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला तो मिळणे जवळपास अशक्य होते. फेब्रुवारीत तर नव्या खासगी मोटारींचे उत्पादनच थांबले.

५/ जूनमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जुने रबर गोळा करण्याची मोहीम काढली. दर होता पौंडाला एक सेंट. लोकांनी पाण्याच्या नळ्या, पावसाळी बूट, रेनकोट, पायपुसणी, जुने टायर असे हाती लागेल ते पेट्रोल पंपांवर आणून टाकले. सुमारे साडेचार लाख टन माल जमला. परंतु वापरून शिळ्या झालेल्या रबरापासून चांगला टायर होत नाही. उत्साहाने गोळा केलेल्या त्या ढिगांचा उपयोग अपेक्षेपेक्षा फार कमी झाला.

६/ ऑगस्टमध्ये बर्नार्ड बारूख यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली गेली. हार्वर्डचे जेम्स कोनंट आणि एमआयटीचे कार्ल कॉम्प्टन हे अन्य दोन सदस्य. १० सप्टेंबरच्या अहवालात समितीने स्पष्ट केले की देशभर पेट्रोलवर मर्यादा घालण्याचे कारण रबर हेच आहे. सोबत वेगमर्यादा सुचवली ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर. वेग वाढला की टायर तापतो आणि तापलेला टायर लवकर झिजतो.

७/ (पूर्व किनाऱ्याची गोष्ट निराळी. तेथे जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजे बुडवत असल्याने मे १९४२ पासूनच पेट्रोल खरोखर कमी पडत होते.)

८/ तेलाच्या राज्यांतून अर्थातच ओरड झाली. घरामागे विहीर असलेल्या माणसाला पेट्रोल मोजून घ्या, असे सांगणे सोपे नव्हते. तरीही नियम लागू झाला. साध्या खासगी गाडीच्या काचेवर ‘ए’ अक्षराचा स्टिकर लागे आणि देशाच्या बहुतांश भागात तिला आठवड्याला सुरुवातीला सुमारे ४ गॅलन, म्हणजे १५ लिटर पेट्रोल मिळे. स्टिकरच्या आतल्या बाजूस, चालकाला दिसेल असा, हा प्रवास खरोखर आवश्यक आहे का, हा प्रश्न छापलेला असे.

९/ प्रत्येक गाडीमागे पाचच टायर ठेवण्याची मुभा होती : चार चाकांवर आणि एक स्टेपनी. बाकीचे सरकारला विकावे लागत. टायरांचे अनुक्रमांक नोंदवले जात, ठरावीक मुदतीने त्यांची तपासणी होई. गुळगुळीत झालेल्या टायरावर नवा थर चढवून तो रिमोल्ड करून घेणे हाच बहुतेकांपुढील मार्ग होता. एका कुटुंबाकडे किती टायर आहेत याची इतकी बारकाईने नोंद शांततेच्या काळात कोणत्याच सरकारने ठेवली नसेल.

१०/ दरम्यान अमेरिकेने कृत्रिम रबराचे कारखाने जवळपास शून्यातून उभे केले आणि युद्ध संपता संपता वार्षिक उत्पादन सात लाख टनांपलीकडे नेले. हा पराक्रम मोठाच. पण त्या रबरात एक खोट होती : वापरात ते नैसर्गिक रबरापेक्षा अधिक तापत असे. ट्रकच्या जड टायरांना त्यामुळे नैसर्गिक रबर लागतच राहिले. या तापण्यातच पुढच्या कथेचे बीज आहे.

११/ टायर फिरतो तेव्हा जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि वर जाताना पुन्हा पूर्ववत होतो. मिनिटाला शेकडो वेळा. दाबण्यासाठी जितकी ऊर्जा लागते तितकी रबर परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन निघून जाते. ही ऊर्जा येते इंधनातून. पेट्रोलमधील बहुतेक ऊर्जा इंजिनातच वाया जाते, चाकांपर्यंत थोडी पोहोचते. आणि जी पोहोचते तिचा साधारण एक तृतीयांश भाग टायरांचे हे दबणे-उठणे खाऊन टाकते. तापणारा टायर म्हणजे पेट्रोल पिणारा टायर.

१२/ या उष्णतेचा माग फ्रान्समधील क्लेर्मों-फेरां येथे मारियूस मिन्योल घेत होता. मिशलिन कंपनीत तो लागला होता छापखान्यात; टायराशी त्याचा संबंध नंतर आला. टायर तापतो तो बाजूच्या भिंतींमुळे की जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्यामुळे, हे त्याला शोधायचे होते. त्यासाठी त्याने भिंतींतील कापडाचे थर काढून त्यांच्या जागी विरळ पोलादी तारा आडव्या बसवलेला प्रायोगिक टायर केला. सहकाऱ्यांनी त्याला नाव दिले ‘माशांचा पिंजरा’.

१३/ पिंजरा आश्चर्यकारकरीत्या थंड राहिला. जुन्या टायरांत धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत (आपल्याकडे दुकानांत त्यांना पुढे ‘नायलॉन टायर’ म्हटले गेले). गाडी चालताना ते थर एकमेकांवर घासत आणि तापत. धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नेले आणि वरून पोलादी पट्टा बांधला, तर भिंत मऊ राहते, पट्टा ताठ राहतो, घर्षण कमी होते. नाझी अंमलाखालील फ्रान्समध्ये हे काम गुपचूप पुढे नेले गेले. ४ जून १९४६ रोजी पेटंटचा अर्ज झाला आणि १९४९ मध्ये ‘मिशलिन एक्स’ बाजारात आला. जगातील पहिला यशस्वी रेडियल तो हाच.

१४/ युरोपात तो झपाट्याने पसरला. तेथे पेट्रोल महाग होते. शिवाय सित्रोएन ही मोटार कंपनी १९३५ पासून मिशलिनच्याच ताब्यात होती, त्यामुळे नव्या टायराला अनुरूप गाडी घडवणे घरचेच काम होते. अमेरिकेने मात्र दोन दशके त्याकडे पाठ फिरवली.

१५/ याला अमेरिकन अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पेट्रोल स्वस्त होते. तेथील मोठ्या सेडानचे सस्पेन्शन जुन्या टायरांच्या मऊपणाला जुळवलेले होते. रेडियल बसवला तर कमी वेगात गाडी खडखडे. जुन्या यंत्रांवर रेडियल नीट तयार होत नसे. कारखान्यांची यंत्रसामग्री नव्याने उभारावी लागणार होती. आणि सर्वांत अडचणीची बाब म्हणजे रेडियल जवळपास दुप्पट टिकत असे. दुप्पट टिकणारा टायर विकण्यासाठी अफाट पैसा ओतायचा आणि नंतर निम्मे टायर विकायचे, असा तो व्यवहार होता. १९६७ मध्ये गुडइयरने जुन्या बांधणीवरच काचतंतूंचा पट्टा चढवून मधला मार्ग काढला आणि काही वर्षे तो चांगला खपलाही.

१६/ बांध फुटला तो बाहेरून. १९६६ पासून सीअर्सच्या दुकानांतून मिशलिनने बनवलेले रेडियल विकले जाऊ लागले. १९६८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने रेडियलचे श्रेष्ठत्व मान्य केले. १९७० साली फोर्डने आपल्या लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क ३ या आलिशान गाडीवर मिशलिनचे रेडियल कारखान्यातूनच बसवून दिले. मग आला ऑक्टोबर १९७३.

१७/ अरब देशांनी तेल रोखले. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. पंपांवर रांगा लागल्या. राष्ट्रीय वेगमर्यादा पुन्हा आली, या वेळी ताशी ५५ मैलांची, आणि या वेळी खरोखर इंधनासाठी. डिसेंबर १९७५ च्या कायद्याने मोटार कंपन्यांना सरासरीचे बंधन घातले : १९७८ च्या गाड्यांसाठी गॅलनला १८ मैल, १९८५ पर्यंत २७.५. लिटरच्या भाषेत सुमारे साडेसात किलोमीटरपासून पावणेबारापर्यंत.

१८/ कंपन्यांनी गाड्या लहान व हलक्या केल्या, इंजिने बदलली. या सर्वांत टायर हा तुलनेने स्वस्त उपाय होता. सरासरीत थोडीशी भर घालायची तर नवे इंजिन घडवण्यापेक्षा टायर-कंपनीला कमी ऊर्जा खाणारा टायर मागणे सोपे. दशक संपेपर्यंत बहुतांश नव्या अमेरिकन गाड्या रेडियलवर धावू लागल्या होत्या. (भारतात मोटारींचे रेडियल १९७७ मध्ये जेके टायरने आणले.)

१९/ ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे शहर तोवर स्वतःला जगाची रबर-राजधानी म्हणवून घेत असे. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल या साऱ्यांची घरे तेथेच. शहराच्या हवेला रबराचा वास होता आणि पगाराला भरवसा. रेडियलचे नवे कारखाने मात्र अन्यत्र उभे राहिले. मिशलिनने १९७५ मध्ये आपले कारखाने उघडले ते दक्षिण कॅरोलायनात, जेथे कामगार संघटना दुबळ्या होत्या. १९७६ मध्ये रबर कामगारांनी सुमारे चार महिने संप केला. मागण्या वेतनाच्या होत्या. पायाखालची जमीन सरकत होती ती टायराच्या बांधणीमुळे.

२०/ फायरस्टोनने रेडियल केला, पण जुन्या यंत्रांना व जुन्या कार्यपद्धतीला मुरड घालून. त्याच्या ‘५००’ मालिकेतील टायरांचा पोलादी पट्टा सुटू लागला, अपघात झाले, माणसे दगावली, आणि १९७८ मध्ये कंपनीला एक कोटीहून अधिक टायर परत घ्यावे लागले. १९८८ मध्ये ती जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभीच अ‍ॅक्रनमधील मोटार-टायरांचे घाऊक उत्पादन जवळपास संपले होते. १९६० साली २ लाख ९० हजारांची लोकवस्ती १९८० पर्यंत २ लाख ३७ हजारांवर आली. कोट्यवधी कुटुंबांची पेट्रोलमधली किरकोळ बचत आणि टायर बदलण्याचे लांबलेले वर्ष, यांची दुसरी बाजू या आकड्यांत दिसते.

२१/ आता पुन्हा त्या कौटुंबिक सेडानकडे. १९७५ च्या कायद्याने एक विचित्र फट ठेवली होती. सरासरीचा नियम नव्या गाडीला होता. त्यामुळे कारखान्यातून येणारे टायर कमी इंधन खाणारे असत. ते झिजल्यावर दुकानातून घेतलेल्या टायरांना असा कोणताच नियम नव्हता. ग्राहक विचारी किंमत, टिकाऊपणा आणि पकड. तीन-चार वर्षांनी टायर बदलले की गाडीचे अ‍ॅव्हरेज थोडे उतरे, आणि दोष इंजिनाला दिला जाई.

२२/ त्यात आणखी एक मौज. टायर झिजतो तसा तो कमी ऊर्जा खातो, कारण दबणारे रबरच कमी उरते. म्हणजे बदलायच्या दिवशी जुना गुळगुळीत टायर इंधनाच्या दृष्टीने सर्वोत्तम अवस्थेत असतो (आणि पावसात सर्वांत धोकादायक). नवा टायर कितीही उत्तम घेतला तरी पहिल्या काही हजार किलोमीटरांत तुलना त्याच्यावर अन्याय करते.

२३/ पकड आणि इंधन-बचत यांचे हे वैर दीर्घकाळ अटळ मानले जाई. १९९० च्या दशकारंभी मिशलिनने काजळीचा मोठा भाग काढून त्या जागी सिलिका मिसळलेला टायर बाजारात आणला. ओल्या रस्त्यावरची पकड न गमावता टायराचा रोध सुमारे २० टक्क्यांनी घटला. आज ज्याला ‘ग्रीन टायर’ म्हणतात, त्याचा आरंभ तेथे आहे.

२४/ २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या सूचनेवरून झालेल्या अभ्यासाने या साऱ्याचा आकडा मांडला : दुकानातून घेतल्या जाणाऱ्या टायरांचा रोध सरासरी १० टक्क्यांनी घटला तर इंधन १ ते २ टक्के वाचेल. एका गाडीमागे वर्षाला ६ ते १२ गॅलन, देशात १ ते २ अब्ज गॅलन. घराला जाणवणार नाही आणि राष्ट्राला दुर्लक्षिता येणार नाही, असा तो आकडा होता.

२५/ २००७ च्या कायद्याने अमेरिकेत टायरांवर इंधन-कार्यक्षमतेची माहिती देण्याची तरतूद झाली. युरोपात असे लेबल १ नोव्हेंबर २०१२ पासून सक्तीचे झाले. त्या दिवशीही अमेरिकन दुकानांत ते पोहोचलेले नव्हते. १९४२ मध्ये ज्या देशात प्रत्येक खासगी गाडीच्या पाचही टायरांचे अनुक्रमांक सरकारदरबारी नोंदलेले होते, तेथे ७० वर्षांनी नवा टायर घेणाऱ्याला तो किती पेट्रोल पिणार हे सांगणारा एकही आकडा त्याच्यावर छापलेला नसे.