आठ मेगाबाइटांचे विरजण

गाविलगड पडला तो १५ डिसेंबर १८०३ रोजी. बाहेरच्या तटाला इंग्रजांच्या तोफांनी खिंडार पाडले होते. पण आतला तट शाबूत होता आणि त्याचा दरवाजा काही केल्या उघडेना. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाचा एक अधिकारी थोडी माणसे घेऊन शिडीने तो तट चढला आणि दरवाजा त्याने आतून उघडला. चिखलदऱ्याला शाळेची सहल नेली की मी पोरांना ही हकीकत सांगतो. पण आज ती आठवली ती टीव्हीला जोडायच्या खेळाच्या एका जुन्या यंत्रामुळे. त्या यंत्राचा दरवाजाही असाच आतून उघडला गेला आहे.

दिवाळी अंकात इतिहास लिहायचा तर इमादशाहीचा लिहावा, भोसल्यांचा लिहावा. मास्तर पोरांच्या खेळण्याचा इतिहास काय सांगत बसले, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! तीस वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी आमच्या पिढीने ज्या वस्तूपुढे मांडी घालून घालवली, तिला इतिहास नसेल तर मग कशाला आहे?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. १९९० नंतर आपल्याकडे त्याच्या स्वस्त नकला आल्या, आणि त्यांबरोबर ‘कॅसेट’ हा शब्दही गाण्यांवरून खेळांवर आला. कॅसेट चालेना तर काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. मौज अशी की मूळ जपानी यंत्राला कुलूप असे नव्हतेच. कोणाचीही कॅसेट त्यात चाले. अमेरिकेत १९८५ साली यंत्र पाठवताना मात्र निन्टेन्डोने यंत्रात आणि कॅसेटमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या चिपा बसवल्या. चिपेची ओळख पटली नाही की खेळ बंद. आपल्या नशिबी जपानी घडणीच्या नकला आल्या, म्हणून एका कॅसेटमध्ये शेकडो खेळांची बढाई मारणारा माल आपण निर्धास्तपणे खेळलो.

पुढे ४ मार्च २००० रोजी सोनीचा ‘प्लेस्टेशन टू’ जपानात निघाला आणि जगभर पंधरा कोटींहून अधिक खपला. ह्याचे कुलूप मात्र भक्कम होते. कंपनीच्या तबकडीवर जी खूण असते ती घरच्या संगणकाने केलेल्या प्रतीवर उठत नाही. खूण दिसली नाही की यंत्र तबकडी परत लोटते. मग शहरोशहरीचे कारागीर ‘चिप मारून’ देऊ लागले. यंत्र उघडून केसाएवढ्या तारा डाखलायच्या, हात हलला की यंत्र गेले. बहुतेक चिपा चोरीच्या तबकड्यांसाठीच बसत, हेही इथे लपवण्यात अर्थ नाही.

पण काही लोकांना फुकटचे खेळ नको होते. त्यांना स्वतः लिहिलेले कार्यक्रम ह्या यंत्रावर चालवायचे होते. अशा घरगुती कार्यक्रमांना त्यांच्यात ‘होमब्रू’ म्हणतात. २००३ साली त्यांना पहिली फट सापडली. जुन्या प्लेस्टेशनची तबकडी घातली की नवे यंत्र मेमरी कार्डावरची एक यादी वाचते; त्या यादीत मापाबाहेरचा मजकूर भरला की यंत्र गोंधळून आपलाच कार्यक्रम चालवू लागते. खरी शिडी लागली ती २००८ साली, ‘फ्री मॅकबूट’ने. सोनीने स्वतःच एक सोय ठेवली होती: यंत्र सुरू होताच ते मेमरी कार्डाकडे पाहते आणि कंपनीने धाडलेली नवी सुधारणा तिथे असेल तर आधी ती वाचते. फ्री मॅकबूट कंपनीच्या जासुदाचा वेष घेऊन नेमका त्या जागी बसतो. तार नाही, डाख नाही. एवढेसे आठ मेगाबाइटांचे कार्ड खोचले की दरवाजा आतून उघडतो.

आता गंमत पाहा. ही फाइल एका कार्डावरून दुसऱ्यावर नुसती उतरवली तर मरते, कारण तिच्यावर त्या त्या कार्डाचीच मोहोर असते. नवे कार्ड तयार करायचे तर आधी दरवाजा उघडलेले एक यंत्र हवे. त्यावर मांडणीचा कार्यक्रम चालवायचा, तो नव्या कार्डाची मोहोर उठवून देतो. म्हणजे दही लावायला आधी दही हवे. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावे, तसे हे कार्ड एका घरून दुसऱ्या घरी जाते.

अमरावतीहून अकोल्याला मी स्वतः असे विरजण घेऊन गेलो. माझी बहीण तिथे असते. तिच्या मुलाचा प्लेस्टेशन टू बारा वर्षे माळ्यावर पडून होता. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, धुळीचे तर विचारूच नका. तबकडी वाचणारे भिंग केव्हाच आंधळे झाले होते. सोनीने २०१३च्या आरंभी ह्या यंत्राचे उत्पादन थांबवले, तेव्हा नवे भिंग मागायचे कोणाकडे? मुलगा पुण्याला नोकरीस. त्याच्या जुन्या कार्डावर क्रिकेटच्या खेळातले अर्धवट सामने साठवलेले होते. बहीण म्हणाली, “दादा, काहीही कर, पण त्याचं त्यातलं काही पुसजो नको.”

ही अट वाटते तितकी साधी नाही. सर्व घडणींच्या यंत्रांवर चालेल असे कार्ड करण्याची एक जुनी रीत आहे. ती कार्डाची आतली वही मुद्दाम चुकीची लिहिते, आणि पुढे तिच्यात भर घालू गेले की साठवलेले सारे नासू शकते. म्हणून मी भाच्याच्या कार्डाला हात लावला नाही. ते पहिल्या खाचेत राहिले, विरजणाचे दुसऱ्या खाचेत बसले; यंत्राला दोन्ही सारखीच.

मग आला ‘ओपन पीएसटू लोडर’. तबकडीऐवजी पेनड्राइव्हवरून किंवा जाळ्याच्या तारेने खेळ चालवणारा हा कार्यक्रम. भाच्याच्या विकत घेतलेल्या तबकड्या संगणकावर उतरवल्या. जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून मोठ्या खेळाचे तुकडे करावे लागतात. अलीकडच्या आवृत्त्यांनी ती कटकट मिटवली. ही सुधारणा करायची रीत सोपी: नवी फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, ‘यूलाँचएल्फ’ उघडावे, ‘मास’मधून उचलून कार्डावर जुनीच्या जागी ठेवावी. आधी जुनीची प्रत बाजूला ठेवणारा शहाणा. यंत्राचे यूएसबी मात्र जुन्या काळचे, सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट देणारे. खेळातली चित्रगोष्ट अडखळते. त्याला इलाज नाही, तार जोडावी.

त्या तबकड्यांत एक ‘हनुमान: बॉय वॉरियर’ निघाली. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ साली केलेला हा खेळ. संपूर्ण भारतात घडवलेल्या अशा यंत्रखेळांतला पहिलाच. देवाला खेळवता कसे, म्हणून त्यावर आक्षेपही घेतला गेला होता. खेळ म्हणून तो बेताचाच, हे माझे मत. पण तबकडीवर चरे पडले होते आणि ती तिसऱ्या खेपेला उतरली, तेव्हा मला जुनी पोथी वाचल्यासारखे वाटले. देशातले पहिले काम म्हणून ते राहिले पाहिजे, आणि ते ठेवायला आज कंपनी येणार नाही. फुकट राबणारे हे परदेशी कार्यक्रमकारच आले.

दिवाळीला भाचा आला. अर्धा राहिलेला सामना तसाच होता. शेजारचा एक मुलगा तो पाहून आपले यंत्र घेऊन आला, “काका, मलेही द्या न ते कार्ड.” पाठीवरचा क्रमांक पाहिला तर नव्वद हजारांच्या मालिकेतला, सोनीने ह्यातल्या उशिराच्या यंत्रांत ती कार्डाची सोयच काढून टाकली, तिथे फ्री मॅकबूट लागत नाही. त्याच्यासाठी ‘ओपनट्यूना’ची वाट आहे, कार्डावरच्या साठवणीचे चित्र दाखवता दाखवता यंत्र फसते. त्याचे कार्ड आम्ही भाच्याच्या यंत्रावरच तयार केले. फराळाचे ताट पुढे आले तेव्हा फाइली उतरत होत्या.