भिलाईची मैत्रीबाग

दुर्गहून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मरोदा नावाचे एक स्थानक आहे. खाणीतले लोखंडाचे दगड भिलाईच्या भट्ट्यांपर्यंत आणण्याचे काम हाच मार्ग करतो. या मरोदा भागात झाडी, जलाशय आणि प्राणिसंग्रहालय असलेले एक विस्तीर्ण उद्यान आहे. त्याचे नाव मैत्रीबाग. ही मैत्री कोणाची, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते.

छत्तीसगड मराठी माणसाला परका नाही. १७५८ ते १७८७ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून येथला कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी नागपूरशी असलेला या मुलखाचा संबंध तुटला नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हाही दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि ते नाते इतिहासजमा झाले.

कारखान्यासाठी अनेक खेड्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. जेथे भाताची खाचरे होती तेथे धुरांडी उभी राहिली. दल्ली-राजहऱ्याचे लोखंड, नंदिनीची चुनखडी आणि तांदुला धरणाचे कालव्याने आलेले पाणी यांच्या बळावर वर्षाला दहा लाख टन पोलाद काढण्याची पहिली योजना होती. वेनियामिन दिमशित्स हे सोव्हिएत मुख्य अभियंते १९५७ ते १९५९ या काळात या कामावर होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाषा वेगळी, हवामान वेगळे, तरीही दोन देशांच्या माणसांनी एकाच भट्टीपुढे घाम गाळला.

त्या सहकार्याचे स्मारक म्हणून कारखान्याने १९७२ साली मैत्रीबाग उभारली. आदल्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९७१ रोजी, दोन्ही राष्ट्रांत मैत्रीचा तह झाला होता. स्मारक म्हणून एखादा स्तंभ किंवा पुतळा उभारता आला असता. त्याऐवजी बाग लावली गेली, यात मोठे औचित्य आहे. भट्टीच्या धगीपुढे पाळी संपवून आलेल्या कामगाराला सावली हवी असते आणि त्याच्या मुलांना वाघ पाहायचा असतो. येथले पांढरे वाघ पुढे दूरवर प्रसिद्ध झाले.

नागपूरची महाराजबाग येथे सहज आठवते. ती भोसल्यांनी लावली. त्यांचे राज्य गेले, पण बाग लोकांची झाली आणि १८९४ पासून तेथे प्राणिसंग्रहालयही आहे. मैत्रीबागेच्या वाट्यालाही तसाच प्रसंग आला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्या राष्ट्राच्या स्नेहाची ती खूण, ते राष्ट्रच नकाशावरून नाहीसे झाले. मध्य प्रदेशातून १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि भिलाईचे राज्यही बदलले.

एकीचे नाव राजावरून पडले, दुसरीचे तहातल्या स्नेहावरून. राजाही राहिला नाही, तहाचा दुसरा पक्षही राहिला नाही. बागा मात्र राहिल्या, कारण त्यांचे पालकत्व पुढे सामान्य माणसांच्या पावलांनी घेतले. मात्र या सावलीला एक जुने देणेही आहे. ज्या शेतकऱ्यांनी पोलादासाठी आपली जमीन दिली, त्यांच्या नावाने बाग उभी राहिली नाही. त्यांच्या नातवंडांना या झाडांखाली परके वाटू नये, एवढी काळजी जरी घेतली, तरी मैत्री हा शब्द राष्ट्रांच्या तहापलीकडे जाऊन घरातलाच होईल.