पेन्शन : कृपा आणि हक्क

दुसऱ्या बाजीरावाने १८१८ साली सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली, तेव्हा त्याला वर्षाला आठ लाख रुपयांचे पेन्शन ठरवून देण्यात आले. ब्रह्मावर्ताला राहून त्याने ते तेहेतीस वर्षे घेतले. १८५१ साली बाजीराव वारला आणि त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने ते आपल्याकडे चालू राहावे असा अर्ज केला. कंपनी सरकारने तो फेटाळला. अर्ज विलायतेपर्यंत गेला, वकील गेला. पण उत्तर बदलले नाही. दिलेले पेन्शन ही मृत पेशव्यापुरती केलेली सोय होती, वारसाचा तीवर काही दावा नाही, असे सरकारचे म्हणणे होते. पेन्शन या शब्दाला महाराष्ट्राच्या इतिहासात जी एक कडवट चव आहे ती येथली आहे. देणाऱ्याने मर्जीने द्यावे आणि मर्जी फिरली की थांबवावे, असा त्या शब्दाचा अर्थ एका संबंध पिढीने पाहिला.

पुढे १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. त्या राज्याबरोबरच छत्तीसगड इंग्रजांच्या हाती गेले. कारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून त्या मुलुखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि रतनपुरास बिंबाजी भोसल्याने आपली गादी मांडली होती. यानंतर सतरा वर्षांनी, १८७१ मध्ये, सरकारने पेन्शनांविषयीचा कायदा केला. सरकारने दिलेल्या पेन्शनाबद्दल कोणत्याही दिवाणी न्यायालयाने दावा ऐकू नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. मर्जीला अशा रीतीने कायद्याचे कुंपण मिळाले. पुढे याच छत्तीसगडातल्या दुर्ग जिल्ह्यात लोखंड वितळवून आयुष्य घालविलेल्या माणसांना पेन्शन या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा विचारावा लागला.

भिलाईची कथा एका अर्थी नागपूरलाच सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा काही कामासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले असता समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंड दाखविणाऱ्या गडद रंगाने भरलेला होता. प्रमथनाथ बोस यांनी धल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांतील खनिजाची नोंद १८८७ सालीच केली होती. टाटांच्या माणसांनी त्या टेकड्या पाहिल्या. खनिज उत्तम होते. पण योग्य कोळसा जवळ नव्हता आणि पाण्याचीही पंचाईत होती. कारखाना साकचीला गेला, त्याचे जमशेदपूर झाले, आणि राजहऱ्याचे लोखंड आणखी अर्धे शतक जमिनीतच राहिले.

स्वातंत्र्यानंतर २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट रशिया यांच्यात करार झाला. नागपूर-हावडा लोहमार्गावरील भिलाई गावाजवळ वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना उभारण्याचे ठरले. त्या दिवशी हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. पुढच्याच वर्षी, राज्यपुनर्रचनेत, नागपूर आणि दुर्ग यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. विदर्भातून तर एका रात्रीच्या प्रवासाचेही अंतर नव्हते.

या माणसांसाठी केवळ कारखाना उभारून भागणार नव्हते. शेतांच्या जागी नगर वसवावे लागले. घर, पाणी, वीज, शाळा, बाग आणि सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय ही सारी मालकाने बांधली. कामगाराचे मूल त्याच रुग्णालयात जन्मास येई, त्याच नगरातल्या शाळेत शिके आणि त्याच रस्त्यांवर सायकल चालवायला शिके. मालक हा या ठिकाणी केवळ वेतन देणारा राहिला नाही. तो घरमालक, वैद्य आणि ग्रामपंचायत यांच्या जागी एकदम उभा राहिला. निवृत्तीच्या दिवशी जे संपते ते म्हणूनच केवळ काम नव्हे. महिन्याच्या अखेरीस निरोपाचा समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून घराची मुदत आणि औषधाची सोय हे दोन प्रश्न समोर उभे राहतात.

आता या माणसाच्या हाती काय पडत असे, हे पाहिले पाहिजे. पोलादाच्या धंद्यात वृद्धापकाळाची तरतूद जुनी आहे. टाटांच्या कारखान्यात १९२० साली भविष्य निर्वाह निधी सुरू झाला आणि १९३७ साली निवृत्तीचे उपदान. स्वतंत्र भारतात १९५२ साली कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला, तेव्हा तो प्रथम ज्या सहा उद्योगांना लागू केला त्यांत लोखंड-पोलाद होते. १९७२ च्या कायद्याने दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान मिळू लागले. परंतु यांपैकी कशालाही पेन्शन म्हणता येत नाही. निधी आणि उपदान ही एकदाच हाती येणारी रक्कम असते. कारखाना सरकारी मालकीचा असला तरी तो कंपनी म्हणून नोंदलेला होता. त्यामुळे त्याचा कामगार सरकारी नोकर नव्हता. टपाल खात्यातला शिपाई निवृत्त झाल्यावर दरमहा पेन्शन घेई; झोतभट्टीपुढे तीस वर्षे तापलेला कुशल कारागीर एक रकमी धनादेश घेऊन घरी जाई.

एकरकमी पैशाला एक गुण आहे आणि एक दोष. त्यातून घर बांधता येते, मुलीचे लग्न करता येते. परंतु तो घरातल्या प्रत्येक गरजेला दिसतो. पेन्शन दरमहा थोडे येते, म्हणूनच ते म्हातारपणापर्यंत टिकते. पंचविशीत १९५९ साली कामाला लागलेला माणूस त्या काळच्या नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९९२ साली, निवृत्त झाला. ज्या पिढीने उजाड माळावर पहिली भट्टी पेटविली, तिच्यातील बहुतेकांना पेन्शन नावाची वस्तू मिळालीच नाही. १९७१ ची योजना होती ती कुटुंबासाठी : कामगार सेवेत असताना वारला तर त्याच्या विधवेला काही मिळे, तो जगला तर त्या योजनेत त्याच्यासाठी मासिक वेतन नव्हते.

याच सुमारास न्यायालयात या शब्दाचा अर्थ बदलत होता. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मालमत्ता आहे असे म्हटले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठात न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले. पेन्शन म्हणजे बक्षीस नव्हे, मालकाची कृपाही नव्हे. केलेल्या सेवेचे ते उरलेले मोल आहे, असे त्या निकालाचे सार होते. आजही निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. ब्रह्मावर्तापासून निघालेला प्रश्न येथे तत्त्वतः सुटला. तत्त्वतः म्हणण्याचे कारण असे, की १९९० साली रेल्वेच्या निवृत्तांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की पेन्शन घेणारे आणि निधी घेणारे हे दोन निराळे वर्ग आहेत. भिलाईचा निवृत्त या दुसऱ्या वर्गात होता. हक्क मान्य झाला होता, पण तो शेजारच्या घरी.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आली. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के पेन्शन निधीत जाऊ लागले, परंतु वेतनाची एक मर्यादा धरून : आरंभी ५०००, २००१ पासून ६५००, सप्टेंबर २०१४ पासून १५००० रुपये. सूत्र सोपे आहे. वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. ६५०० रुपयांवर वीस वर्षे धरली तर महिना १८५७ रुपये येतात. पूर्वीच्या सेवेबद्दलची भर आणि सवलती वेगळ्या, त्याही बेताच्याच. शिवाय या रकमेला महागाई भत्त्याची जोड नाही. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ साली किमान तीन हजारांची शिफारस केली. २०१४ साली किमान रक्कम एक हजार ठरली. या योजनेतील निवृत्तांनी २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यास साखळी उपोषण आरंभिले, आणि विदर्भातले ते शहर देशभरच्या निवृत्तांना ठाऊक झाले.

खऱ्या वेतनावर पेन्शन मिळावे, अशी वाट कायद्यात १९९६ पासून होती. पण त्यासाठी कामगार आणि मालक या दोघांनी मिळून विकल्प द्यावा लागे. २०१६ आणि ४ नोव्हेंबर २०२२ या दोन निकालांनी ही वाट पुन्हा चर्चेत आली. दुसऱ्या निकालाने चार महिन्यांची मुदत दिली, ती पुढे वाढत गेली. येथेच निवृत्तांच्या संघटनांचे खरे महत्त्व दिसून येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या वेतनाचे तक्ते कोणाजवळ? जुन्या मालकाजवळ. संयुक्त विकल्पावर सही कोणाची? जुन्या मालकाची. वाढीव पेन्शनासाठी निधीत व्याजासह किती पैसे परत भरावयाचे हा हिशेबही त्याच कागदांवर अवलंबून. नाते संपले असे ज्याच्याविषयी वाटत होते, त्याच्याच दारी पुन्हा जाणे भाग पडले. आणि एकट्याने गेलेल्या वृद्धाला ज्या खिडकीवर उद्या या असे सांगितले जाते, तेथे संघटनेच्या पत्राला उत्तर मिळण्याचा संभव तरी अधिक असतो.

कंपनीची स्वतःची तरतूद याहून उशिरा आली. सार्वजनिक उद्योगांसाठी केंद्र सरकारने २००८ साली जे नियम केले, त्यांनी निधी, उपदान, पेन्शन आणि निवृत्तीनंतरचे औषधपाणी या सर्वांसाठी मिळून वेतनाच्या तीस टक्क्यांपर्यंत खर्च करण्यास मोकळीक दिली. पोलाद प्राधिकरणात अधिकाऱ्यांसाठी ही पेन्शन योजना १ जानेवारी २००७ पासून आणि कामगारांसाठी १ जानेवारी २०१२ पासून लागू धरण्यात आली. या दोन तारखांमधील पाच वर्षे आणि त्यांच्याही आधी निवृत्त झालेली सबंध पिढी, हा निवृत्तांच्या गाऱ्हाण्यांतला मोठा भाग आहे. कंपनीचीही बाजू ध्यानात घेतली पाहिजे. १९९८-९९ पासून पाच वर्षे ती तोट्यात होती; स्वेच्छानिवृत्तीने हजारो माणसे कमी झाली. कामावरची माणसे घटत गेली आणि निवृत्तांची संख्या वाढत गेली. वेतनाची बोलणी १९६९ साली नेमलेल्या संयुक्त समितीत होतात आणि तेथे मान्यताप्राप्त कामगार संघ बसतात. निवृत्ताला तेथे खुर्ची नाही. तो संप करू शकत नाही. त्याने काम थांबविले तर कोणाचे काही अडत नाही, कारण त्याच्याकडे काम नाही. अर्ज, भेट, हिशेब आणि चिकाटी एवढीच त्याची साधने.

औषधपाण्याचा प्रश्न याहून निकडीचा. निवृत्त कर्मचारी आणि त्याचा जोडीदार यांना कंपनीच्या रुग्णालयात उपचार मिळतात, आणि बाहेरच्या रुग्णालयांसाठी विम्याची योजना आहे. तिचा हप्ता कंपनी आणि सभासद वाटून घेतात. पती-पत्नींच्या मर्यादा गरज पडल्यास एकत्र धरता येतात. पण विमा दरवर्षी नवा करावा लागतो. एखाद्या विधवेचे नूतनीकरण राहून गेले, तर तिचे संरक्षण ऐन आजारपणात तुटते. म्हणून अर्ज भरून देणे, मुदत घरोघरी कळविणे, हयातीचा दाखला वेळेवर नोंदविणे ही संघटनेची सर्वात मोलाची कामे ठरतात. यांत भाषणे नसतात, घोषणा नसतात. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि चष्म्यातून रकाने वाचणारा एखादा जुना हिशेबनीस असतो. मालकालाही असे टेबल सोयीचेच पडते. हजार तक्रारींऐवजी एक नीट मांडलेला कागद त्याच्यापुढे येतो.

या चित्राबाहेर राहिलेल्यांचे स्मरण केल्यावाचून ते पुरे होत नाही. ज्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणींवर भिलाई जगली, तेथे हजारो माणसे ठेकेदारांकडे राबत होती. त्यांचे नाव कंपनीच्या पटावर नव्हते. मग निवृत्ती कसली आणि रुग्णालयाचे कार्ड कसले? शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली या मजुरांनी १९७७ साली आपला संघ काढला आणि १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमांतून शहीद रुग्णालय उभे केले. मालकाने दिले नाही ते त्यांनी आपण बांधले. १९९१ साली नियोगी यांचा भिलाईतच खून झाला. रुग्णालय मात्र चालू राहिले.

पेशव्याचे पेन्शन एका राज्याच्या मोबदल्यात होते आणि तरीही ते एका सहीने थांबले. भिलाईच्या निवृत्ताने राज्य दिले नाही; त्याने देशाला रूळ दिले, पत्रे दिले, आणि आपली तीस-पस्तीस वर्षे दिली. न्यायालयाने त्याच्यासारख्यांच्या सेवेचे मोल शब्दांत मान्य केले आहे. ते मोल दरमहाच्या रुपयांत आणि रुग्णालयाच्या दारात किती उतरते, हे मात्र अजून टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांवर अवलंबून आहे. एका बाजूच्या माणसाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ, की काही वर्षांनी त्यालाही उठून समोरच्या खुर्चीत बसावयाचे आहे.